अझहरशी भांडलेली माणसं

मौलाना अबुल कलाम आझाद कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिकले, हे वाक्य मी शाळेपासून वाचत आलो आहे. ते वक्तृत्व स्पर्धेच्या चरित्र-पुस्तिकांत असायचं आणि पुण्यतिथीच्या मजकुरातही असायचं. मी नगरचा. आमच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२पासून अडीच वर्षांहून अधिक काळ मौलाना कैदेत होते. सोबत नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. याच किल्ल्यात मौलानांना पत्नी गेल्याची बातमी कळली आणि इथेच त्यांनी एका मित्राला उद्देशून ती सुंदर उर्दू पत्रं लिहिली, जी टपालात कधी पडलीच नाहीत. त्यामुळे मौलानांविषयी नगरकरांना घरच्यासारखी आपुलकी आहे.

पण ते वाक्य खरं नाही. मौलानांचा जन्म मक्केतला, शिक्षण कोलकात्यात घरीच, वडिलांकडे आणि वडिलांनी नेमलेल्या शिक्षकांकडे. १९०८ साली ते इराक, इजिप्त, सीरिया, तुर्कस्तान असे फिरून आले तेव्हा त्यांनी अझहर पाहिलं, एवढाच काय तो संबंध. महादेवभाई देसाईंनी मौलानांचं इंग्रजीत छोटं चरित्र लिहिलं, त्यात हा गैरसमज शिरला. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये गेले, तेव्हा मौलानांना नगरच्या किल्ल्यात आणून आठवडाही झाला नव्हता. पुढे मौलानांच्या आत्मकथनात त्यांची दुरुस्ती आली, पण ते छापून येईपर्यंत १९५९ उजाडलं होतं आणि स्वतः मौलाना नव्हते. दुरुस्ती फारशी कुणी वाचली नाही. पहिलं वाक्य मात्र चालत राहिलं.

त्या दुरुस्तीतला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मौलाना सांगतात की अझहरमधली तेव्हाची शिकवण्याची पद्धत सदोष होती, तिथे बुद्धीलाही वळण लागत नव्हतं आणि जुन्या इस्लामी विद्यांचं पुरेसं ज्ञानही मिळत नव्हतं. इजिप्तचे सुधारक विद्वान मुहम्मद अब्दुह यांनी ती सुधारायचा प्रयत्न केला आणि सनातनी उलेमांनी तो हाणून पाडला. म्हणजे ज्या संस्थेचं नाव लोकांनी कौतुकाने त्यांना चिकटवलं, तिच्याबद्दल विशी-एकविशीतल्या या माणसाचं मत इतकं कडक होतं. हे वाचल्यावर मी अझहरच्या मागे लागलो. नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या याद्या कुठेही सापडतात. त्यात राष्ट्राध्यक्ष आहेत, पंतप्रधान आहेत, मुफ्ती, कवी, क्रांतिकारक आहेत. एकेकाचं आयुष्य वाचत गेलो तसं लक्षात आलं, की मला ज्यांच्याविषयी मनापासून आदर वाटू लागला ती बहुतेक माणसं अझहरशी भांडलेली आहेत. आणि ती भांडली ती अझहरनेच दिलेल्या विद्येच्या जोरावर.

अझहर ही मुळात मशीद. फातिमी सेनापती जौहर याने ९६९मध्ये इजिप्त जिंकून कैरो वसवलं आणि पुढच्याच वर्षी या मशिदीचं काम सुरू केलं. ९७२मध्ये ती उभी राहिली, ९७५मध्ये तिथे पहिली व्याख्यानं झाली. फातिमी खलिफा इस्माइली शिया होते, म्हणजे आज सुन्नी जगात ज्या नावाला सगळ्यात जास्त वजन आहे ते विद्यापीठ शियांनी घातलेल्या पायावर उभं आहे. सलाहुद्दीनने ११७१मध्ये फातिमींची सत्ता संपवली आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं अझहरमध्ये शुक्रवारचा खुतबा, म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन, झाला नाही. तो १२६६मध्ये सुलतान बैबर्सने पुन्हा सुरू केला, तेव्हा मशीद सुन्नी झालेली होती. फातिमींची आठवण ठेवणारे लोक आपल्या मुंबईत आहेत. भेंडी बाजारातला दाऊदी बोहरांचा रौदत ताहेरा हा संगमरवरी मकबरा फातिमी वास्तुशैलीवर बांधलेला आहे. कैरोतली खलिफा अल-हाकिमची पडझड झालेली मशीदही बोहरांनीच दुरुस्त करून १९८०मध्ये पुन्हा उघडली.

अझहरमध्ये शिकवायची रीत साधी होती. शेख एका खांबाला पाठ टेकून बसणार, विद्यार्थी त्याच्याभोवती अर्धवर्तुळ करून. त्या वर्तुळाला हलका म्हणतात. कोणता खांब कुठल्या शेखचा हे ठरलेलं असायचं. प्रवेशाला शुल्क नव्हतं, हजेरीपट नव्हता, परीक्षाही फार उशिरा आल्या. शेखला वाटलं की या मुलाला ग्रंथ कळला, तर तो त्याला तो ग्रंथ शिकवण्याची परवानगी द्यायचा, इजाजा. मुलांची राहण्याची सोय रिवाकांमध्ये, म्हणजे मशिदीला लागून असलेल्या प्रदेशवार वसतिगृहांत. सीरियाचा रिवाक वेगळा, मगरिबचा, म्हणजे वायव्य आफ्रिकेचा, वेगळा. तुर्कांचा, वरच्या इजिप्तचा, जावाचा, हिंदुस्थानचाही होता. अंध मुलांसाठी स्वतंत्र वास्तू होती. दानाच्या जमिनींच्या उत्पन्नातून रोज भाकऱ्या वाटल्या जायच्या. नाईलकाठच्या खेड्यातल्या शेतकऱ्याला आपला हुशार मुलगा शिकवायचा तर हाच रस्ता होता. कुराण पाठ करायचं, कैरोला जायचं, अझहरच्या भाकरीवर राहायचं.

ही व्यवस्था किती उदार होती आणि त्याच वेळी किती साचलेली, हे अब्दुह यांच्या आयुष्यात दिसतं. १८४९चा जन्म, नाईलच्या खोऱ्यातलं खेडं. आधी तांता इथल्या मशिदीत घातलं, तर तिथली घोकंपट्टी असह्य होऊन हा मुलगा पळून गेला. व्याकरणाची टीका, त्या टीकेवरची टीका, आणि त्या शब्दांचा अर्थ कुणीच सांगत नाही. एका सूफी नातेवाइकाने समजूत घालून परत अभ्यासाला लावलं. १८६६मध्ये अझहर, मग जमालुद्दीन अफगाणी या सुधारक विचारवंताचा सहवास, १८७७मध्ये आलिम, म्हणजे धर्मविद्येतला मान्यताप्राप्त विद्वान. १८८२मध्ये ब्रिटिशांनी मोडून काढलेल्या उराबी उठावानंतर हद्दपारी, पॅरिस, बैरुत. परत येऊन १८९९मध्ये इजिप्तचे मुफ्ती. हद्दपार झालेला माणूस देशाचा मुफ्ती होतो, हे मला अजून नवल वाटतं.

अझहरसाठी अब्दुह यांनी जी कामं केली ती वरवर अगदी किरकोळ दिसतात. शिक्षकांना ठरलेला पगार. राहण्याच्या खोल्यांची स्वच्छता. रिवाकांत धूळ खात पडलेली हस्तलिखितं एकत्र करून ग्रंथालय. परीक्षा. गणित आणि भूगोल. एवढ्यासाठी दहा वर्षं भांडून १९०५मध्ये ते अझहरच्या मंडळावरून राजीनामा देऊन बाहेर पडले आणि त्याच उन्हाळ्यात वारले. आझाद तीन वर्षांनी तिथे पोचले. त्यांनी जे अझहर पाहिलं ते अब्दुह हरल्यानंतरचं होतं.

त्याच वर्षांत एका खांबाशी एक अंध मुलगा बसलेला होता.

ताहा हुसेनचा जन्म १८८९चा, वरच्या इजिप्तमधल्या मघाघा गावाजवळचा. तेरा भावंडांतलं सातवं. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास डोळे आले, गावच्या न्हाव्याने उपचार केले आणि दृष्टी गेली. त्याने लहानपणीच कुराण पाठ केलं आणि १९०२मध्ये थोरल्या भावाबरोबर तो कैरोला आला. त्यांच्या आत्मचरित्राचं इंग्रजी भाषांतर मी माझ्या वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. मी वाचता वाचता मराठीत सांगायचो. प्रवेशाच्या परीक्षेत परीक्षक ताहाला नावाने न बोलावता ‘ए आंधळ्या’ म्हणून हाक मारतो, तिथे वडील काही बोलले नाहीत. पुढे एक जागा येते. संध्याकाळी थोरला भाऊ मित्रांच्या खोलीत चहाला आणि अभ्यासाला जातो, ताहा एकटा कोपऱ्यात बसून राहतो आणि भाऊ दिवा लावत नाही, कारण याला दिव्याचा काय उपयोग. ते ऐकून वडील म्हणाले, “लावायला पाहिजे होता. अंधार असला की आम्हाला कळतो.” ताहा हुसेन यांनीही तेच लिहिलं आहे, की अंधाराला स्वतःचा एक आवाज असतो आणि त्याची त्यांना भीती वाटायची. मी तो परिच्छेद अजून वडिलांना वाचून दाखवला नव्हता.

त्याच पुस्तकात ते आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला सांगतात, की तुझ्या वयाहून थोडा मोठा असताना तुझा बाप आठवडेच्या आठवडे अझहरची भाकरी खाऊन राहायचा. तिच्यात काड्या, खडे, किडे निघायचे आणि ती काकवीत बुडवून खायची. ही तक्रार आहे आणि कृतज्ञताही. ती भाकरी नसती तर मघाघाच्या बाजारात कुराणपठण करून पोट भरणारा आणखी एक अंध हाफिज, एवढंच त्यांचं भविष्य होतं. अझहरमध्ये त्यांना शेख अल-मरसफी भेटले. व्याकरणाच्या रुक्ष पाठांमध्ये हा एक माणूस जुनी अरबी कविता शिकवायचा, आणि ती कविता म्हणून शिकवायचा. ताहा आणि त्यांचे दोन मित्र त्या वर्गात इतके धीट झाले की इतर शेखांची टिंगल करू लागले आणि एका ऐतिहासिक वादावरून प्रकरण थेट अझहरच्या प्रमुखांपर्यंत गेलं. मरसफींना कवितेचा तास बंद करायला सांगितलं गेलं.

१९०८मध्ये कैरोत नवं इजिप्शियन विद्यापीठ निघालं. ताहा संध्याकाळी तिथे जाऊ लागले, पण अझहर लगेच सोडलं नाही. १९१२मध्ये अझहरच्या पदवीच्या तोंडी परीक्षेला बसले आणि नापास झाले. त्यांना नापास करायचं आधीच ठरलं होतं, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. दोनच वर्षांनी नव्या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट त्यांना मिळाली. विषय होता अबुल-अला अल-मअर्री, अकराव्या शतकातला अंध, संशयवादी अरबी कवी. मग फ्रान्स, सोर्बोन, इब्न खल्दून या जुन्या अरब इतिहासकारावर दुसरा प्रबंध. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ट्यूनिसहून कैरोला आल्यावर याच अझहरमध्ये शिकवलं होतं.

१९२६मध्ये त्यांनी इस्लामपूर्व अरबी कवितेवर पुस्तक लिहिलं आणि मोठं वादळ झालं. त्यांचं म्हणणं होतं की जाहिलिया काळातली म्हणून जी कविता आपण शिकतो तिच्यातली बरीचशी नंतरच्या लोकांनी रचून जुन्यांच्या नावावर खपवली आहे. हे ऐकायला भाषाशास्त्राचं वाटतं, पण कुराणातल्या शब्दांचा अर्थ लावायला याच कवितेचा दाखला दिला जायचा. अझहरच्या प्रमुखांनी तक्रार केली, संसदेत गदारोळ झाला, प्रकरण सरकारी वकील मुहम्मद नूर यांच्याकडे गेलं. या वकिलांनी पुस्तक नीट वाचलं, ताहांच्या युक्तिवादातल्या कच्च्या जागा एकेक करून दाखवल्या आणि शेवटी मार्च १९२७मध्ये निकाल दिला, की हेतू संशोधनाचा होता, गुन्ह्याचा नव्हता, म्हणून खटला चालवता येणार नाही. सरकारी माणसाने इतकं काळजीपूर्वक परीक्षण लिहावं, याचं मला कायम कौतुक वाटतं. ताहांनी काही भाग गाळून, भर घालून तेच पुस्तक दुसऱ्या नावाने पुन्हा काढलं.

मला त्या पुस्तकात अझहर दिसतं. एकेका ओळीचे पाठभेद, कोणी कोणाकडून ऐकलं याची साखळी, साक्षीदार विश्वासार्ह आहे का, ही सगळी शंका घेण्याची शिस्त हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरा, शिकवणाऱ्या जुन्या शेखांचीच आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं नाव ताहांनी घेतलं, पण देकार्त भेटायच्या कितीतरी आधी त्यांना खांबाजवळ बसून शब्द पारखायची सवय लागली होती. १९५०मध्ये हा नापास विद्यार्थी इजिप्तचा शिक्षणमंत्री झाला आणि माध्यमिक शिक्षण मोफत केलं. शिक्षण पाण्यासारखं आणि हवेसारखं सगळ्यांना मिळालं पाहिजे, ही त्यांची घोषणा इजिप्तमध्ये अजून सांगतात. त्या वेळी भारताचे शिक्षणमंत्री मौलाना आझाद होते.

ताहांच्या वादळाच्या एक वर्ष आधी अली अब्दुर्राझिक यांच्यावर संकट आलं. हे अझहरचे आलिम, मन्सुरा इथल्या शरियत न्यायालयात न्यायाधीश. मार्च १९२४मध्ये तुर्कस्तानने खिलाफत बरखास्त केली होती. आपल्याकडे ज्या खिलाफतीसाठी गांधीजी आणि अली बंधूंनी देश हलवला, ती तुर्कांनीच मोडीत काढली. इजिप्तचे राजे फुआद यांना आता स्वतः खलिफा व्हावंसं वाटत होतं. अशा वेळी १९२५मध्ये अलींनी एक लहानसं पुस्तक लिहून सांगितलं, की खिलाफत ही धर्माने घालून दिलेली व्यवस्था नाही, कुराणात आणि हदीसमध्ये तिला आधार नाही, मुसलमान आपली राज्यव्यवस्था आपल्या अनुभवाने ठरवू शकतात. त्यांनी हे पॅरिसच्या भाषेत लिहिलं असतं तर दुर्लक्ष झालं असतं. त्यांनी ते फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या, भाषेत, अझहरच्या पद्धतीने, आयत आणि हदीस मांडत लिहिलं. ऑगस्टमध्ये अझहरच्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळासमोर सुनावणी झाली, चोवीस जणांनी एकमताने त्यांचं आलिमपद काढून घेतलं. न्यायाधीशपदही गेलं. न्यायमंत्री अब्दुल अझीझ फहमी यांनी अंमलबजावणीला नकार दिला तर त्यांनाच काढलं आणि सरकारात फूट पडली. वीस वर्षांनी, १९४५च्या डिसेंबरमध्ये, अलींचे सख्खे भाऊ मुस्तफा अझहरचे प्रमुख झाले आणि त्याच दशकात अलींना गेलेलं पद परत मिळालं.

राजकारणात गेलेल्या अझहरींमध्ये साद झगलूल हे सगळ्यात मोठं नाव. अब्दुह यांचे विद्यार्थी, पुढे वकील, न्यायाधीश, मंत्री. मार्च १९१९मध्ये ब्रिटिशांनी त्यांना माल्टाला पाठवलं आणि देश पेटला. त्या दिवसांत सर्जियस नावाच्या कॉप्टिक पाद्र्याने अझहरच्या मिंबरवर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, उभं राहून भाषण केलं. हजार वर्षांच्या मशिदीत ख्रिस्ती धर्मगुरू स्वातंत्र्याबद्दल बोलतो आणि समोर शेख बसलेले. झगलूल १९२४मध्ये पंतप्रधान झाले, थोडेच महिने. मालदीवचे मौमून अब्दुल गयूम अझहरची पदवी घेऊन १९७८पासून तीस वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिले. त्यांच्याबद्दल मला फार सांगावंसं वाटत नाही.

इंडोनेशियाच्या अब्दुर्रहमान वाहिद यांच्याबद्दल मात्र वाटतं. तिथे त्यांना गुस दुर म्हणतात. जावातल्या मोठ्या उलेमा घराण्यातला हा मुलगा १९६०च्या दशकात शिष्यवृत्तीवर अझहरला आला. अरबी उत्तम येत असूनही त्याला प्राथमिक अरबीच्या वर्गात बसवलं. तो कंटाळला, सिनेमे बघू लागला, फुटबॉल बघू लागला, ग्रंथालयांत वाचत बसू लागला, नापास झाला आणि १९६६मध्ये बगदादला निघून गेला. १९९९मध्ये तो इंडोनेशियाचा राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. सत्तेत दोन वर्षंही टिकला नाही. पण तेवढ्यात त्याने चिनी वंशाच्या नागरिकांवरची १९६७पासूनची बंधनं उठवली, त्यांना आपले सण उघडपणे साजरे करता येऊ लागले.

आणि एक तिसरा अंध विद्यार्थी आहे, त्याचं नाव गाळणं मला बरोबर वाटत नाही. उमर अब्दुर्रहमान. तान्हेपणी दृष्टी गेली, लहानपणी कुराण पाठ झालं, अझहरची डॉक्टरेट मिळाली. ताहांच्या वाटेवरूनच तो तिथे पोचला. न्यूयॉर्कमध्ये बॉम्बस्फोटांचा कट केल्याबद्दल १९९५मध्ये तो दोषी ठरला, जन्मठेप झाली आणि २०१७मध्ये अमेरिकेच्या तुरुंगात मेला. अफगाणिस्तानातल्या लढ्यासाठी जगभरातून तरुण गोळा करणारे अब्दुल्ला अझ्झाम हेही अझहरचेच डॉक्टर. संस्थेचा गौरव करताना ही नावं सोडून द्यायची आणि तिच्यावर टीका करताना फक्त हीच घ्यायची, असं दोन्ही बाजूंनी सर्रास होतं. पुस्तकं तीच होती. ती उघडून बसलेला शिक्षक कोण होता, यावर बरंच अवलंबून असावं असं मला वाटतं, आणि म्हणून या सगळ्या मंडळींत मला सगळ्यात जवळचे वाटतात ते हसन अल-अत्तार.

अत्तारांचं नाव लोकप्रिय याद्यांत क्वचितच येतं. १७९८मध्ये नेपोलियन कैरोत आला. ऑक्टोबरमध्ये शहराने उठाव केला तेव्हा फ्रेंचांनी अझहरवर तोफा डागल्या आणि घोडदळ थेट मशिदीत शिरलं. अझहरचा रागावलेला विद्यार्थी काय करू शकतो हेही पुढे दिसलं. अलेप्पोहून आलेल्या सुलेमान अल-हलबीने १८००मध्ये फ्रेंच सेनापती क्लेबरला भोसकून मारलं. अत्तार तेव्हा तरुण होते. मशिदीचा झालेला अपमान त्यांनाही माहीत होता. तरीही ते फ्रेंच विद्वानांना भेटायला गेले, त्यांची पुस्तकं आणि उपकरणं पाहिली, त्यांना अरबी शिकवली. मग बरीच वर्षं तुर्कस्तान आणि सीरियात काढली, वैद्यक आणि खगोल वाचलं. परतून अझहरमध्ये शिकवू लागले. आपल्या देशाची स्थिती बदलली पाहिजे, इथे नसलेल्या विद्या इथे आल्या पाहिजेत, असं ते म्हणत, याची नोंद एकोणिसाव्या शतकातले इजिप्शियन लेखक आणि मंत्री अली मुबारक यांनी केली आहे.

त्यांचा आवडता विद्यार्थी रिफाआ अत-तहतावी, वरच्या इजिप्तमधल्या तहता गावचा, १८०१चा जन्म, घरची परिस्थिती ओढग्रस्तीची. १८२६मध्ये इजिप्तचा शासक मुहम्मद अली पाशाने तरुणांची तुकडी पॅरिसला शिकायला पाठवली. नमाज पढवायला कुणी इमाम सोबत हवा होता. अत्तारांनी रिफाआचं नाव सुचवलं आणि निघताना त्याला सांगितलं, की जे जे पाहशील ते लिहून ठेव. इमाम म्हणून गेलेला हा माणूस पाच वर्षांत फ्रेंच शिकला, इतिहास, भूगोल, कायदा वाचला, फ्रान्सची राज्यघटना अरबीत आणली आणि १८३०ची क्रांती रस्त्यावर उभं राहून पाहिली. परत आल्यावर १८३४मध्ये त्याचं प्रवासवर्णन कैरोच्या बुलाक छापखान्यात छापलं गेलं. तेव्हा अत्तार अझहरचे प्रमुख होते आणि पुस्तकाची शिफारस त्यांनीच केली. पुढच्या वर्षी ते वारले. त्याच वर्षी तहतावींच्या पुढाकाराने कैरोत भाषांतराची शाळा निघाली, आणि तिथे फ्रेंच शिकायला मुलं आली ती खेड्यापाड्यांतून कुराण पाठ करून आलेली.